सातवळ्याची गावपळण

गावात शिरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्यावर एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. मी कोल्हापूरकडचा माणूस. आमच्याकडे नवख्याला वेशीवर चार कुत्री गाठतात आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्या दारापर्यंत सोडायला येतात. इथं काहीच नाही. मी थोडा खट्टूच झालो.

पहिल्या घरासमोर उभा राहून हाक मारली, "घरात कोण आहे का?"

कोणी नव्हतं. दाराला कुलूपही नव्हतं, नुसती काथ्याची दोरी गुंडाळलेली. दुसरं घर तसंच, तिसरंही तसंच. चौथ्याच्या मागं गोठा होता, पण आत गुरं नव्हती. पाचव्या घराचं छप्पर खाली आलेलं आणि चुलीच्या जागी निवडुंग उगवलेला. वाटेत कोंबडी नाही, धूर नाही, विहिरीवर बाई नाही.

साल एकोणऐंशी, महिना डिसेंबर. मी पंचवीस वर्षांचा, खाली कोकणात तालुक्याच्या शाळेवर शिक्षक म्हणून लागून दीडच वर्ष झालेलं. आमच्या साहेबांनी मला एक छापील तक्ता देऊन या सातवळे गावी पाठवलं होतं. इथले गुरुजी जुलैत आजारपणाच्या रजेवर गेले ते परतलेच नव्हते. पंधरापेक्षा कमी पोरं असतील तर शाळा बंद करायची, असं कचेरीत घाटत होतं. "घरोघर फिरा, बघा, लिहा. परवा सकाळी तक्ता माझ्या टेबलावर पाहिजे," एवढंच साहेब म्हणाले होते.

एका घराच्या पडवीत मात्र माझी गाळण उडाली. तिथं सूप होतं आणि सुपात कुळीथ होते. अर्धे निवडलेले, अर्धे तसेच. खडे एका बाजूला नीट सारून ठेवलेले. कुळीथ निवडता निवडता माणूस उठून गेलं कुठं? एकाच वेळी सगळं गाव? माझ्या आजीनं लहानपणी भरवलेल्या सगळ्या भुताखेतांनी त्या पडवीत हजेरी लावली. मी मोठ्यानं पाढे म्हणत चालू लागलो. एकोणतीसचा पाढा मला जन्मात कधी पुरता आला नव्हता, तो त्या दिवशी न अडखळता आला.

शाळा गावाच्या टोकाला होती. तीन खोल्यांची, दगडी, सातवीपर्यंतची. एवढ्या गावाला एवढी शाळा कोणी बांधली कोण जाणे. तिच्या पायरीवर बसून मी तक्ता काढला आणि शाईनं लिहिलं: घरे एकतीस. वस्ती नाही. मुले शून्य. शाळा बंद करण्यास हरकत नाही. खाली दणदणीत सही ठोकली. दोन दिवसांचं काम दीड तासात उरकल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं. मग पोटात कावळे ओरडू लागले तसा मी शाळेमागचा ओढा ओलांडून पलीकडच्या सड्यावर, कातळाच्या उंच माळावर, चढलो. ओढ्याला तिकडे व्हाळ म्हणतात.

वर आलो आणि बघतच राहिलो. काजूच्या झाडांखाली माडाच्या विणलेल्या झापांच्या पंचवीस-तीस खोपी ओळीनं उभ्या होत्या. गुरं, कुत्री, कोंबड्या, पोरांचा कालवा. एकीकडे बायका फेर धरून फुगडीच्या तयारीत, दुसरीकडे बापये पत्ते कुटत बसलेले. दगडांच्या चुलींवर मोठी मोठी मडकी रटरटत होती आणि वास असा की माझी पावलं आपोआप तिकडे वळली. लग्नाचं वऱ्हाड उतरलंय, अशी मी समजूत करून घेतली.

"मास्तरांनू, वाट चुकलात काय?" एका म्हाताऱ्यानं पत्ते खाली ठेवून विचारलं. हातातल्या छत्रीवरून आणि पिशवीवरून त्यानं माझा धंदा बरोबर ओळखला होता. हे तातू परब, हे मला मागाहून कळलं.

"वाट नाही चुकलो, जेवण चुकलंय," मी म्हणालो.

चुलीपाशी बसलेली एक वाळकीशी म्हातारी हसली. तिला सगळे भागीरथीकाकी म्हणत होते. "आदी जेवा. बोलणा मगे," ती म्हणाली आणि पत्रावळ मांडली. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. माझं माशांशी तेव्हा फारसं जमत नव्हतं. मी एक काटा गिळला, दुसरा गालात टोचून घेतला. काकीनं शेजारी बसून मला काटे काढून दिले. सात वर्षांची तिची नात रंजू हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होती. एवढ्या मोठ्या माणसाला मासा खाता येत नाही, हे तिनं आधी कधी पाहिलं नसावं.

पोट भरलं तसा मी खुशीत आलो आणि माझी जीभ सुटली.

"तुम्ही कुठली मंडळी ठाऊक नाही," मी तातूंना म्हणालो, "पण ते पलीकडचं सातवळे बघितलंत का? संपलं हो ते गाव. चिटपाखरू नाही."

"संपला?" तातू म्हणाले.

"पार. चार-सहा महिने तरी तिथं कोणी राहिलेलं नाही. मी तसं लिहूनही टाकलं. शाळा बंद! एका घरात तर बिचारे कुळीथ अर्धे सुपात टाकून पळालेत."

पत्ते थांबले. काकीनं पळी मडक्यावर आडवी ठेवली.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "ते कुळीथ मी काल दुपारी निवडी होतंय."

मला काही उमजेना. मी तिच्याकडे बघितलं, तातूंकडे बघितलं. आणि मग त्या सड्यावर जो हशा फुटला, तसा मी नंतर कधी ऐकला नाही. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. एकजण तर हसता हसता खोपीच्या मेढीला धरून खाली बसला. मी एकटा हातात भाकरीचा तुकडा धरून बसलेलो.

"आमीच सातवळा," तातू डोळे पुसत म्हणाले. "गावपळण आसा आमची. दर तीन वर्षांनी तीन दीस सगळो गाव भायर. माणूस, गोरू, कुत्रा, कोंबडी, कोण म्हणान मागे रवाचा नाय. ते तीन दीस गाव देवाचो. आज पयलो दीस. तीन दीस सरले की गुरव आत जावन देवाचो कौल घेतलो. देवान हो म्हटल्यान की आमी परत घराक."

"आणि नाही म्हणाला तर?"

"मगे आणखी एक दीस हयच. मासे आसत, पत्ते आसत. घाई कोणाक आसा?"

मला घाई होती. मी म्हणालो, "बरं, माझी चूक झाली. आता दोघं-तिघं चला माझ्याबरोबर, घरं दाखवा, पोरं दाखवा. नव्यानं लिहितो."

"आत कोण जावचा नाय," बाबल गुरव म्हणाले. हे देवळाचे पुजारी, सावळे, अंगानं भरलेले, आतापर्यंत गप्प होते. "कौल होयपर्यंत कोण नाय."

"पण मी तर आत्ताच जाऊन आलो!"

गुरवांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमी भायले. तुमका म्हायत नव्हता. देवान काय केल्यान तुमका?"

"पाढे म्हणायला लावले," मी म्हणालो.

गुरव पहिल्यांदा हसले आणि मला विडा दिला. म्हणजे देवाचं आणि माझं मिटलं होतं. राहिला तक्ता.

तातूंनी मला गावाची कथा सांगितली. त्यांच्या बापाच्या वेळी तिथं साठ घरं होती. खाली खाडीला पडाव लागायचे, मीठ यायचं, नारळ नि काथ्या जायचा. त्याच दिवसांत ती तीन खोल्यांची शाळा उभी राहिली. मग खाडी गाळानं भरत गेली, पडाव यायचे बंद झाले आणि मुंबईच्या गिरण्यांनी एकेका घरातला एकेक बापया ओढून नेला. त्याच्यामागून बायको गेली, मग पोरं.

"मग एवढी माणसं कुठली?" मी विचारलं. सड्यावर दोनशेला कमी नव्हती.

"ही मुंबैसून इली. गावपळणीक सगळे रजा टाकून येतत," तातू म्हणाले. काकीनं चुलीत लाकूड सारलं आणि वर बघून पुस्ती जोडली, "भरलेलो गाव बगूचो तर आमका गावाच्या भायर येवचा लागता, मास्तरांनू."

तेवढ्यात मुंबईची मंडळी कामाला लागली होती. पंधरा पोरं हवीत हे मी बोलून चुकलो होतो. एका टेरिलिनच्या शर्टवाल्या गृहस्थानं बघता बघता माझ्यासमोर पोरांची रांग उभी केली. चांगली चाळीसेक. तेल लावून भांग पाडलेली, पायांत बूट.

"सगळी इथल्याच शाळेची," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी पहिल्या पोराला विचारलं, "काय रे, तुमच्या वर्गात फळा कुठल्या भिंतीला आहे?"

पोरगं हुशार होतं. "तुम्ही म्हणाल त्या भिंतीला, सर," ते म्हणालं.

"ह्यो आमच्या शाळेत नाय," रंजू मधेच खणखणीत आवाजात म्हणाली. "ह्यो काल इलो. माका तेणा गोळी दिल्यान."

टेरिलिनच्या शर्टवाल्यानं कपाळावर हात मारला. मी रांगेत विचारत गेलो आणि रंजू बोट दाखवत गेली. सातवळ्याच्या शाळेची पोरं निघाली नऊ. रंजू धरून.

मी जरा बाजूला जाऊन काजूच्या सावलीत बसलो. पाच मिनिटांनी काकी आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पण तो तिनं मला द्यायचं विसरून तसाच धरून ठेवला.

"नव आसत तर नव लिवा," ती म्हणाली. "खोटा लिवा म्हणान मी सांगणंय नाय. तुमची नोकरी आसा."

"तसं नाही काकी…"

"माझो झील मुंबैक. सून सांगता, शाळा नाय तर रंजूक हय ठेवन काय करू? घेवन जातंय म्हणता." तिचं बोलणं शांत होतं. "जाऊंदे. शिकाक व्हया चेडवाक. माझा कायेक म्हणणा नाय. पण मगे रे, माझी चूल मी पेटवू कोणासाठी? एकट्या माणसाक भूक लागणा नाय."

एवढा वेळ ती मला अहोजाहो करत होती. त्या एका "रे"पाशी मला आजी आठवली. माझी आजी गावाकडे एकटीच असायची आणि मी तिला पत्रसुद्धा नीट लिहीत नव्हतो. मी मान खाली घातली आणि उगाच तक्त्यावर नजर फिरवू लागलो. त्यात सात रकाने होते. सकाळी मी ते वाचायचीही तसदी घेतली नव्हती. चौथ्या रकान्यावर छापलं होतं: भेटीच्या दिवशी प्रत्यक्ष हजर असलेली मुले.

मी तो रकाना तीनदा वाचला. हजर असलेली. कुठली, किती दिवसांची, कुठून आलेली, हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तातू!" मी ओरडलो. "सगळ्या पोरांना परत रांगेत उभं करा. आणि खोटं कोणी एक अक्षर बोलायचं नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय. बस्स."

पिशवीत एक कोरा तक्ता जास्तीचा होता. मी एकेक नाव लिहीत गेलो. रंजू प्रत्येक पोराला हात लावून आकडा मोजत होती आणि एक्केचाळीसवर येऊन थांबली. ती स्वतःला मोजायला विसरली होती. बेचाळीस. तातूंनी खाली सही केली, गुरवांनी अंगठा दिला. सकाळचा तक्ता काकीनं माझ्या हातून घेतला, घडी घातली, चुलीत सारला आणि वर तवा ठेवला.

"एक भाकरी खावनच जा," ती म्हणाली. ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर तक्ता ठेवला. साहेब कोकणातलेच, करडे, कमी बोलणारे. त्यांनी चष्मा लावला, बेचाळीस नावं सावकाश वाचली, मग भिंतीवरच्या पंचांगाकडे एकदा बघितलं. साहेबांनी गावपळणीची तिथी ताडली, हे मी ओळखलं.

"बेचाळीस मुलं," साहेब म्हणाले, "आणि शाळेला शिक्षक नाही! केवढी हेळसांड ही. असं कसं चालेल?"

"नाही चालणार, सर."

"मग जा तुम्हीच. वाट तर तुम्हाला ठाऊक आहे. जूनपासून हजर व्हा. आणि मगदूम, बांगडा खायला शिका आता."

मी जूनमध्ये ट्रंक घेऊन व्हाळापाशी उतरलो. काकी छत्रीच्या जागी डोक्यावर इरलं घेऊन पलीकडे उभी होती. "इलंस? ती बेचाळीस पोरां सोदूक इलंस वाटता!" एवढं बोलून ती इतकी हसली की इरलं घसरून भिजली. माझ्यासाठी तिनं शाळेजवळची एक खोली शेणानं सारवून ठेवली होती.

मी सातवळ्यात सात वर्षं राहिलो. मला शिक्षा म्हणून पाठवलं की बक्षीस म्हणून, हे साहेब निवृत्त होईपर्यंत त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. नऊची सात पोरं झाली, सातांची चार. शेवटच्या वर्षी तीन खोल्यांच्या त्या शाळेत मी आणि सातवीतली रंजू, दोघंच होतो. ती घंटा वाजवायची, मी वर्गात जायचो. प्रार्थना दोघं मिळून म्हणायचो. रोज दुपारी काकी दोघांचा डबा घेऊन यायची आणि आम्ही जेवेपर्यंत समोर बसून राहायची. सातवी झाली, रंजू मुंबईला गेली, शाळा मिटली, माझी बदली झाली. काकी पुढं चार वर्षांनी गेली. मी तेव्हा पोचू शकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर तातू गेले. बाबल गुरवांना त्यांच्या मुलानं पुण्याला नेलं. नवं शतक लागलं तेव्हा सातवळ्यात एकही चूल पेटत नव्हती.

पण गावपळण बंद पडली नाही. तिची तऱ्हा मात्र बदलली. रिकाम्या गावातून बाहेर निघणार कोण? म्हणून मुंबई-पुण्याची मंडळी आता एक दिवस आधी येतात. दोऱ्या सोडतात, पडवी झाडतात, चूल पेटवतात, चहा करतात, एक रात्र राहतात. सकाळी ढोल वाजला की दारं बांधून सड्यावर. म्हणजे गाव सोडता यावं म्हणून आधी गावात राहायचं. तीन दिवसांनी गुरवांचा मुलगा कौल घेऊन येतो, देव हो म्हणतो, सगळे हात जोडतात आणि सड्यावरूनच गाड्यांत बसून परत जातात. आत कोणी जात नाही. जाऊन करायचं काय?

गेल्या खेपेला रंजूनं मला बोलावलं. ती आता पन्नाशी ओलांडलेली, मुंबईच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. मी सत्तरीला टेकलेलो, पण सड्यावर तिन्ही दिवस मुक्काम ठोकला आणि बांगडे काटे काढून स्वतःचे स्वतः खाल्ले. पत्त्यांत तातूंच्या नातवाला हरवलं. चौथ्या दिवशी सकाळी ढोल वाजला, कौल उजवा झाला, म्हणजे देवानं हो म्हटलं. पोरासोरांनी आरोळी ठोकली आणि गाड्यांत सामान चढू लागलं.

मी गाडीत बसलो. रंजू दिसेना. वळून बघितलं तर ती एका हातात कापडाची पिशवी, दुसऱ्या हातात दोरीनं पाय बांधलेली कोंबडी घेऊन व्हाळाकडे उतरत होती. खांद्यावर तांदळाचं गाठोडं. मी घाईघाईनं खाली उतरलो आणि वरूनच हाक मारली, "रंजू! अगं, गाडी सुटतेय! काय राहिलं तुझं आत?"

ती पाण्यात पाय घालून थांबली. "काय नाय रवला, गुरुजी. देवान हो म्हटल्यान ना? मगे घराक नको जावक?"

"अगं पण तिथं कोण आहे? येणार कधी परत?"

रंजूनं कोंबडी या हातातून त्या हातात घेतली आणि हसली.

"आता पुढच्या गावपळणीक," ती म्हणाली आणि व्हाळ ओलांडून वर चढली.